कोई क्लोरीनने गेले नाहीत, पण चूक आमचीच

नमस्कार. आमच्या भिंती धुण्याच्या कामाला एक स्टार दिलात, तो रास्त आहे. भिंतींवरचं शेवाळ निघालं, पण ४,००० लिटरच्या तळ्यातले पाच मोठे कोई मासे मेले; औषध पाण्यात पडलं असणार, असं तुम्ही लिहिलंय. कारण वेगळं दिसतंय.

क्लोरीन लहान-मोठा बघत नाही. आम्ही भिंतींवर वापरतो ते हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं औषध, १० टक्क्यांचं येतं. नऊ भाग पाणी घातलं की १ टक्का होतं. त्यातलं एक लिटर जरी तळ्यात गेलं असतं, तरी लिटरमागे २.५ मिलिग्रॅम क्लोरीन झालं असतं. ०.१ सुद्धा कल्ले खराब करायला पुरतं. तळ्यातले छोटे गप्पी मासेही उलटे झाले असते. तुमचे गप्पी धडधाकट आहेत, मोठे कोई तेवढे गेले, तेही पाण्याबाहेर तोंड काढून. ही खूण प्राणवायू कमी पडल्याची. (दुसऱ्या दिवशी पाणी तपासायच्या पट्टीवर क्लोरीन शून्य आलं, ते मी पुरावा धरत नाही. उन्हात ते तसंही उडतं.)

आमच्या माणसांनी सकाळी दहाला तळ्यावर ताडपत्री घालून काठाला घट्ट बांधली, ती पाचला सोडली. शॉक बसू नये म्हणून एअर पंपाचा स्विचही बंद केला. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी ३० अंशांवर गेलं, की भरलेलं असलं तरी त्यात लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. त्यात अंधार. तुमचं पाणी हिरवं आहे. ते शेवाळ उजेडात प्राणवायू देतं, अंधारात उलट खातं. वरून हवा बंद, खालून बुडबुडे बंद.

करायला हवं होतं ते असं: बांबूवर ताडपत्री पाण्याच्या फूटभर वर, तंबूसारखी, वाऱ्याच्या उलट बाजूचं टोक उघडं. समोरच्या भिंतीवर औषध मारून ती धुऊन झाली की ताडपत्री लगेच काढायची; आधी वरून धुवायची आणि काठाबाहेर ओढायची, नाहीतर खोलगटात साचलेलं सगळं पाण्यात ओततं. एअर पंप चालूच, पण फवाऱ्यापासून लांब, कारण तो वाफ ओढून थेट पाण्यात सोडतो. गच्चीच्या पावसाळी पाईपाचं तोंड होज लावून दुसरीकडे. काठाभोवती मातीच्या गोण्या. तुमच्याकडे पाईप आणि गोण्या नीट झाल्या, ताडपत्रीत घोळ झाला.

हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट, आधीच का टाकलं नाही, हेही विचारलंत. ग्रॅमभर क्लोरीनला साधारण ७ ग्रॅम लागतं, म्हणजे वरच्या एक लिटरला ७० ग्रॅम. ते गाडीत असतं, पण औषध पाण्यात सांडलं तरच वापरतो. औषधात साबण असेल तर त्यावर त्याचा काही उपयोग नाही.

आता सगळं पाणी बदलू नका, फिल्टरही धुऊ नका. त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू टिकायला पाहिजेत. दोन दिवस खाणं बंद, रोज २० टक्के पाणी बदला. नळाचं असेल तर आधी हायपो घाला. अमोनिया तपासा, पट्ट्या आम्ही पाठवतो.

बिलाचे पैसे परत करत आहोत. कोईंची खरेदी पावती पाठवलीत तर तीही रक्कम देऊ. मागची भिंत राहिली आहे. ती करायची असेल तर तळ्यापासून दोन मीटरपर्यंत नुसता ब्रश आणि पाणी वापरू, औषध नाही.

— मालक