‘चौघे मिळून उचलतील की!’ : चर्चच्या पायऱ्यांविषयीच्या एका संदेशाला उत्तर

चर्चच्या दाराशी रॅम्प करायचा विषय निघाला, की एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘पायऱ्या तीनच आहेत. चौघे मिळून खुर्ची उचलतील, नाहीतर फळी टाकू. रॅम्पने दर्शनी भाग विद्रूप होतो. आणि व्हीलचेअरवाले येतातच कुठे?’

चौघे उचलतील. मोटरवर चालणारी व्हीलचेअर नुसतीच अनेकदा १०० किलोच्या वर भरते, वर माणसाचं वजन वेगळं. हात टेकायचे दांडे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बऱ्याच खुर्च्यांना निघणाऱ्या असतात. तिथे धरून उचललं तर तो भाग हातात येतो आणि खुर्ची कलंडते. शिवाय प्रार्थनेला आलेल्या माणसाला दर आठवड्याला सगळ्यांदेखत ओझ्यासारखं वर न्यायचं, हे स्वागत नव्हे.

फळी पुरेल. गणित करून पाहा. १५० मिमीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५० मिमी चढ. दोन मीटरच्या फळीवर उतार १:४ च्या आसपास येतो, म्हणजे चार मीटर पुढे जाताना एक मीटर चढ. चढताना खुर्ची मागे उलटू शकते, उतरताना आवरत नाही. १:१२ हा रॅम्पसाठी नेहमी वापरला जाणारा कमाल उतार. त्यासाठी ५.४ मीटर लांबी लागते, आणि जागा असेल तर १:२० धरून ९ मीटर करावी. रुंदी १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडे, चाक घसरू नये म्हणून कडेला ७५ मिमीची उंच किनार. पृष्ठभाग खरखरीत हवा, पॉलिश केलेला दगड पावसात घातक. वर आणि खाली १.५ × १.५ मीटर सपाट जागा सोडावी. वरचीच नेमकी विसरली जाते, आणि दार बाहेर उघडणारं असेल तर माणसाला उतारावरच मागे सरकावं लागतं.

विद्रूप दिसेल. घाईने ठोकलेले पाइप नक्कीच वाईट दिसतात. पण अंगणच १:२० ने हळूहळू चढवत दारापर्यंत नेलं, तर वेगळा रॅम्प दिसतच नाही. बाबागाडी, शवपेटी, काठी टेकत येणारे आजोबा, सगळे एकाच वाटेने आत जातात. आम्हाला हाच मार्ग सर्वांत पटतो. मात्र भराव भिंतीला भिडवू नका, ओल चढते. भिंत आणि भराव यांच्यात मोकळी फट आणि पाण्याचा निचरा ठेवा. वाटेतल्या जाळीची भोकं १३ मिमीपेक्षा लहान हवीत, नाहीतर पुढचं छोटं चाक अडकतं. जुन्या दगडात भोकं पाडू नका. मध्ये वेगळा थर टाकून वर बांधलं, तर पुढे ते काढता येतं.

येतातच कुठे? पायऱ्या पाहून जे परत गेले, त्यांची मोजणी आत बसून कशी होणार?

या संदेशात दाराचा मात्र उल्लेखच नाही. दोन झडपांच्या १.२ मीटर दाराची एकच झडप उघडी ठेवली, तर वाट जेमतेम ६०० मिमी उरते आणि बहुतेक खुर्च्या तिथे अडतात. ९०० मिमी मोकळी वाट मिळेपर्यंत दोन्ही झडपा उघडा. उंबरठा १२ मिमीपेक्षा उंच नको, तोही कडेला उतरता. पायपुसणं जमिनीच्या पातळीत बसवा.