लाईनीत उभं राहून फुटबॉल येत नसतो

दोन वर्षं झाली, दर रविवारी सकाळी सात वाजता मी सहा ते आठ वर्षांची चौदा पोरं घेऊन ग्राउंडवर असतो. सुरुवातीला काय करायचो सांगू का, मला जसं शिकवलं तसंच. आधी ग्राउंडला दोन राऊंड, मग कोन लावायचे, एकामागं एक लाईन आणि हातात शिट्टी. बॉल एकच, तोही पाच नंबरचा, म्हणजे मोठ्यांच्या साइजचा. एकाचा नंबर लागेपर्यंत मागची पोरं माती उकरतायत, एकमेकांची लेस सोडतायत, आणि मी नुसता बोंबलतोय. एकदा एका पोराच्या आजीनं सहज विचारलं, "सर, आज ह्यानं बॉलला पाय किती वेळा लावला ओ?" मनात मोजलं तर पाच-सहा वेळा. एका तासात! लई लाज वाटली.

तेव्हापासून लाईन बंद आणि राऊंडही बंद. (ही पोरं घरात दिवसभर पळतच असतात, त्यांना आणि कशाला पळवायचं?) आता आम्ही विषामृत खेळतो, फक्त प्रत्येकाच्या पायात बॉल. विष मिळालं की बॉल डोक्यावर धरून पाय फाकवून उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याच्या पायांमधून बॉल घातला की अमृत. ड्रिबलिंग, पासिंग, मान वर करून बघणं सगळं त्यातच होतं आणि पोरांना वाटतं सर आज नुसतं खेळवतायत. शेवटची वीस मिनिटं चार-चारची मॅच, छोटे गोल, गोलकीपर नाही.

बॉल मात्र तीन नंबरचाच पाहिजे, म्हणजे लहान पोरांचा छोटा. पाच नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तो मोठ्यांचा बॉल, त्या काडीसारख्या पायांनी कसा उडणार? आणि हेडिंग अजिबात नाही. अमेरिकेच्या फेडरेशननं २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना ते बंद केलं, आपल्याकडं अजून "डोकं लाव की रं" चालूच.

खरा त्रास बाहेर उभ्या असलेल्या पप्पांचा. कोल्हापूर आहे हे, शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या टीमसाठी घसा फोडायची सवय, मला पण आहे, पण तोच घसा सहा वर्षांच्या पोरावर? "पास दे! मार! मागं ये!" पोरगं बॉल सोडून बापाकडं बघत उभं राहतं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-सेव्हन्टीन वर्ल्डकपला भारताकडून खेळला ह्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे ओ, पण आत्ता ह्या पोराला फक्त पुढच्या रविवारी परत यावंसं वाटलं तरी बास. म्हणून आता नियम केलाय, पालकांनी पलीकडच्या झाडाखाली बसायचं, टाळ्या वाजवा, सूचना नकोत. दोघं रागावून यायचे बंद झाले, त्यांची पोरं आता आजोबांबरोबर येतात.

तर मुद्द्याचं, माझ्याकडं तीन नंबरचे बॉल सहाच आहेत, पाहिजेत चौदा. कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर इनबॉक्स करा. पंक्चर असला तरी चालेल, ब्लॅडरचं मी बघतो.