दोन तासांची अट
दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या तपासणीवरचा आपला लेख वाचला. पोलिसांच्या श्वासचाचणीच्या यंत्रावरचा आकडा हाच अखेरचा पुरावा, असे त्यात सुचवले आहे. ते मला पटले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्याची मर्यादा आहे खरी, पण अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर त्या माणसाला सोडावे लागते, हे कलम २०२ मधले बंधन लेखात आलेच नाही. इंदूरच्या एका चौकात माझ्या मेहुण्यांची श्वासचाचणी झाली, तेव्हा त्यांनी नुकतीच माउथवॉशने चूळ भरलेली होती; त्यातल्या अल्कोहोलने आकडा चढू शकतो, म्हणून पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकू द्यावे ही त्यांची विनंती पोलिसांनी हसण्यावारी नेली. (नळीसुद्धा आधीच्याच माणसाची होती!) मद्यपी चालकाबद्दल मला मुळीच कळवळा नाही, रक्ततपासणी मात्र वेळेत व्हावी.