‘तीन आठवडे नुसती माती उकरत बसले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

घरच्या समारंभाच्या दिवशी लॉन हवं तसं दिसलं नाही, आपला हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. भिंतीलगतचा पट्टा पिवळा पडलाय हे आपल्या फोटोत दिसतंच आहे, ते नाकारायचा प्रश्न नाही. पण आपण पुढे लिहिलंय, ‘तीन आठवडे नुसती माती उकरत बसले, मधला आठवडाभर तर कोणी फिरकलंही नाही, शेजारचं लॉन दोन दिवसांत लागलं.’ याचं उत्तर द्यायलाच हवं. नाहीतर हे वाचून उद्या प्रत्येक जण म्हणेल, मातीचं राहू द्या, गवत अंथरा आणि मोकळे व्हा.

आपल्या अंगणात वरची कसदार माती उरलेलीच नव्हती. पाया खोदताना खालून निघालेली चिकण माती वर पसरलेली, तिच्यात विटांचे तुकडे, प्लास्टरचा राडारोडा, आणि बांधकामाच्या गाड्यांनी हे सगळं दाबून घट्ट केलेलं. स्क्रूड्रायव्हर हाताने दाबला तर दोन बोटांपलीकडे जात नव्हता, हे आपल्यासमोरच दाखवलं होतं. निचराही पाहिला. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरायचा, जिरला की पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या वेळचं पाणी तासाला किती उतरतं ते मोजायचं. इंचभर उतरलं तर ठीक. आपल्याकडे सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी जवळपास तसंच होतं.

अशा जमिनीवर चार बोटं चांगली माती पसरून वर गवताचे गालिचे अंथरले तर काम खरंच दोन दिवसांत होतं. दिसतंही सुंदर. पण खालचा थर कडकच असल्यामुळे पाणी दोन थरांच्या सीमेवर थबकतं, मुळं वरच्या वरच राहतात. मग पावसात सडतात, उन्हात करपतात. म्हणून आधी राडारोडा वेचणं, 15 सेंटीमीटर खोल खणणं आणि त्यावर 5 सेंटीमीटर जाडीचा कुजलेल्या कंपोस्टचा थर देऊन तो पूर्ण खोलीपर्यंत मिसळणं आलंच. दहा चौरस मीटरला अर्धा घनमीटर कंपोस्ट लागतं. वरवर शिंपडून भागत नाही. कच्चं शेणखत आम्ही घेत नाही, त्यातून तणाचं बी येतं आणि उष्णतेने कोवळी मुळं भाजतात. ‘त्यापेक्षा वाळू टाका, पटकन होईल,’ असं आपण सुचवलं होतं. चिकण मातीत थोडी वाळू मिसळली की वाळल्यावर विटेसारखा गोळा होतो. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळूच हवी, म्हणजे मातीच बदलण्यासारखं झालं.

आता ‘कोणी फिरकलं नाही’ त्या आठवड्याबद्दल. त्या दिवसांत पाऊस झाला होता. ओल्या चिकण मातीत कुदळ किंवा यंत्र घातलं की मातीचे कण लिंपले जातात, हवेच्या पोकळ्या बुजतात आणि वाळल्यावर अशी ढेकळं होतात की सगळं खणणं वाया जातं. खणायला आधी वाफसा यावा लागतो, म्हणजे मातीतली ओल बेताची व्हावी लागते. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून भुसभुशीत झाला तर वाफसा आला, चपटा होऊन बसला तर अजून थांबा. माणसं घरी बसवून आमचाही रोज बुडतच होता, मॅडम. हौस म्हणून कोणी थांबत नाही.

खणून झाल्यावर पाणी देऊन माती बसू दिली, त्यातही दिवस गेले. तशी न बसवता गालिचे टाकले तर पुढे जागोजागी खळगे पडतात, आणि उंचवट्यांवर मशीन गवत मुळापर्यंत खरडतं. शिवाय त्या पाण्याने लव्हाळा, म्हणजे जमिनीतल्या गाठींपासून फुटणारं तण, वर आला तो गाठींसकट काढता आला. गालिच्याखाली राहिला असता तर जन्मभर पुरला असता. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, मीटरला 1 ते 2 सेंटीमीटर, तोही याच वेळात काढला.

पिवळ्या पट्ट्याचं कारण वेगळं आहे. फरशीला धक्का नको म्हणून भिंतीलगत खणू दिलं गेलं नाही, त्यामुळे चुना-सिमेंटचा भराव तिथे तसाच आहे. तिथली चिमूटभर माती घेऊन त्यावर व्हिनेगर टाकून पाहा, फसफसेल. अशा मातीचा सामू (pH) 7.5 च्या वर जातो आणि जमिनीत लोह असूनही गवताला घेता येत नाही. म्हणून नवी पाती पिवळी, शिरा मात्र हिरव्या. नत्र कमी असतं तर आधी जुनी पाती पिवळी पडली असती. त्यावर आपल्या माळीदादांनी युरिया टाकला, तोही ओल्या पात्यांवर मुठीने. तपकिरी ठिपके त्याचे आहेत. युरिया 100 चौरस मीटरला एका वेळी किलोभरच, कोरड्या पात्यांवर सारखा पसरून, लगेच भरपूर पाणी द्यायचं असतं.

आणि नवीन गालिचे मुळं धरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, त्यांवर वर्दळ नको असं सांगितलं होतं. खुर्च्या मांडल्या गेल्या. समारंभ तुमचा, अंगण तुमचं, आम्ही काय बोलणार? फक्त एक तारा देताना हेही लिहायला हवं होतं.

कामाचे टप्पे आणि थांबण्याची कारणं यापुढे आधीच नीट सांगण्याची काळजी घेऊ, बघू कसं जमतं ते.

आपल्या लॉनचं पुढचं सांगतो. रोज संध्याकाळी शिडकावा बंद करा. पाऊस नसेल तर आठवड्यात एकूण 25 मिलिमीटर पाणी, दोन वेळांत विभागून, सकाळी. उथळ डबे ठेवून मोजता येतं. एका कापणीत पात्याचा तिसरा हिस्साच काढा. पिवळ्या पट्ट्यासाठी फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) मातीत टाकण्यात अर्थ नाही, चुनखडीत ते लगेच निकामी होतं. 0.5 टक्क्याची फवारणी पात्यांवर केली की काही आठवडे हिरवेपणा टिकतो. पहिली फवारणी आम्ही येऊन करून देऊ, त्याचे पैसे नकोत. फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग राहतात, म्हणून ती आधी झाकावी लागेल. भिंतीलगत खणायची परवानगी दिलीत तर पट्टा कायमचा दुरुस्त होईल. तोवर तिथे युरिया टाकू देऊ नका.