पोतीभर नोटा आणि २६ डॉलर ७० सेंट

एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. सोबत जुन्या अमेरिकन नोटेचा फोटो, नोटेच्या मधोमध कुठल्याशा गावच्या बँकेचं नाव. सांगणं थोडक्यात असं: "अमेरिकेत १९३५ पर्यंत गावोगावच्या बँका आपल्याच छापखान्यात हव्या तेवढ्या नोटा छापत. ती नोट शेजारच्या गावातही चालत नसे आणि बँक बुडाली की तिची रद्दी होई. जेसी जेम्सच्या टोळीने नॉर्थफील्डच्या बँकेतून अशा पोतीभर नोटा पळवल्या. अखेर या फसवणुकीला कंटाळून सरकारने बंदी घातली. आज अशी एक नोट सापडली तर तुम्ही लखपती!"

बँकेच्या कॅशमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस म्हणून चार जणांनी मला हा मजकूर धाडला. पुतण्याने मिनियापोलिसहून आणलेली १९०२च्या मालिकेची दहा डॉलरची एक नोट माझ्याकडे आहे, तीही मिनेसोटातल्याच एका लहान गावच्या बँकेची. ती समोर ठेवूनच लिहितोय, कारण निम्मी उत्तरं नोटेवरच छापलेली आहेत.

आधी छापखान्याचं. या नोटा सुरुवातीला न्यूयॉर्कच्या खाजगी कंपन्या छापत, तेही सरकारच्या हुकुमाने. १८७०च्या दशकात हे काम वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्याकडे गेलं. गावच्या बँकेकडे यायचे ते छापून तयार ताव, बहुधा एका तावात चार नोटा. त्यावर सरकारी शिक्का आणि ट्रेझरीच्या, म्हणजे सरकारी खजिन्याच्या, अधिकाऱ्यांच्या सह्या छापलेल्या असत. रिकाम्या असायच्या त्या फक्त खालच्या दोन जागा, डावीकडे कॅशियर आणि उजवीकडे प्रेसिडेंट. गावात त्या सह्या व्हायच्या, मग कुणीतरी कात्री घेऊन ताव कापायचा. माझ्या नोटेची वरची कड सरळ आहे आणि खालची उजवीकडे जाता जाता चांगली दोन मिलिमीटर घसरलीय. कापणाऱ्याला घाई असावी. कॅशियरची सही जांभळ्या शाईच्या रबरी शिक्क्याची आहे, ती निम्मी उडालीय. गावच्या बँकेचा 'छापखाना' म्हणायचा तर तो एवढाच: एक दौत, एक शिक्का, एक कात्री.

आता 'हव्या तेवढ्या'. मजकुराचा सगळा डोलारा या दोन शब्दांवर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. माझ्या नोटेवर राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीच्या चित्राशेजारी, अगदी वरच्या भागात छापलंय की ही नोट अमेरिकन सरकारच्या रोख्यांनी सुरक्षित आहे आणि ते रोखे सरकारच्या ट्रेझररकडे जमा आहेत. म्हणजे तारण आधी, नोट मागाहून. १८६३ आणि १८६४च्या कायद्यांनी ही पद्धत घालून दिली; त्यांखाली केंद्र सरकारचा परवाना घेतलेल्या बँका म्हणजे नॅशनल बँका. यादवी युद्ध चालू होतं, लिंकन सरकारला रोखे खपवायचे होते आणि देशाला एकसारखी नोटही हवी होती. बँकेने रोखे विकत घ्यायचे, वॉशिंग्टनला ठेवायचे आणि १०० डॉलरच्या रोख्यांवर ९० डॉलरच्या नोटा घ्यायच्या. १९००च्या कायद्याने ९०चे १०० झाले, पण भागभांडवलापेक्षा जास्त नोटा काढता येत नव्हत्याच.

त्याच कायद्याने तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात २५,००० डॉलर भांडवलावर बँक काढायची मुभा दिली. अशा बँकेचा हिशेब मांडून बघा. २५,०००चे दोन टक्क्यांचे रोखे घेतले, त्यांचं वर्षाचं व्याज ५००. नोटा मिळाल्या २५,०००च्या, त्यावर अर्धा टक्का कर, १२५. नोटांच्या पाच टक्के, म्हणजे १,२५० डॉलर, परतफेडीसाठी ट्रेझरीत बिनव्याजी पडून. उरलेलं कर्जाऊ द्यायचं. यात फायदा होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. रोख्यांचं व्याज इकडून आणि कर्जाचं तिकडून, असा दुहेरी घास होता. पण हा घास नेहमी गोड नसे. १८८०च्या दशकात रोख्यांचे बाजारभाव दर्शनी किमतीच्या बरेच वर गेले, तारण ठेवणं परवडेना, आणि बँकांनी आपणहून नोटा परत केल्या. दहा वर्षांच्या आत देशभरातल्या या नोटा निम्म्यावर आल्या. हवं तेवढं छापायची सोय असती तर असं कोण करेल?

'शेजारच्या गावात चालत नसे' हेही उलटं आहे. कायद्याने प्रत्येक नॅशनल बँकेला दुसऱ्या कुठल्याही नॅशनल बँकेची नोट पूर्ण किमतीला घ्यावी लागे. सरकारही आयात जकात सोडून बाकीच्या करांत ती घेई. मिनेसोटाची नोट टेक्सासात तेवढ्याच किमतीला चाले.

आणि रद्दी? बँक बुडाली तर ठेवीदार दारात रांग लावून बसत आणि कैकदा हात हलवत परत जात, कारण ठेवींचा विमा १९३४पर्यंत नव्हताच. नोट ज्याच्या खिशात असे त्याला मात्र काळजी नसे. त्याला ट्रेझरी पूर्ण पैसे देई आणि तारणाचे रोखे विकून आपली वसुली करी. नॅशनल बँक बुडाली म्हणून तिच्या नोटेवर कुणाचा एक सेंटही गेला नाही. माझा अंदाज असा की मजकूर लिहिणाऱ्याने ठेव आणि नोट यांचा ध चा मा केलाय.

अर्थात धूर आहे तिथे विस्तव होता, पण तो १८६३च्या आधीचा. त्या काळी राज्यांनी परवाने दिलेल्या बँका खरोखर आपापल्या नोटा काढत. त्या गावापासून लांब गेल्या की बट्ट्याने वटत, आणि कुठली नोट किती पैशांना घ्यायची याची छापील पत्रकं व्यापारी गल्ल्याजवळ ठेवत. मिशिगन राज्याने १८३७ मध्ये बँक काढणं इतकं सोपं केलं की जंगलातसुद्धा बँका निघाल्या. तपासनीस नोटांमागची चांदी मोजायला आले की तीच पेटी रातोरात पुढच्या बँकेत पोचे. एखाद्या पिंपात वर नाण्यांचा थर आणि खाली खिळे सापडत. त्या तपासनीसांपैकी अल्फियस फेल्च पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. मिशिगनमध्ये तेव्हा सिंगापूर नावाचं गावही होतं आणि त्याची बँक ऑफ सिंगापूरही होती. ते गाव पुढे वाळूखाली गेलं. (या बँकेच्या नोटेचा फोटो आशियातल्या सिंगापूरच्या नावावर कुणी खपवला नाही म्हणजे मिळवलं.) या प्रकाराला कंटाळूनही १८६३चा कायदा आला आणि १८६६पासून राज्य बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसला. त्या नोटा त्याने संपल्या. फोटोतली नोट त्या रोगावरचं औषध आहे, आणि मजकूर तिलाच रोग म्हणतोय.

अमेरिकेतल्या त्याच यादवी युद्धाचा धक्का आपल्या मुंबईलाही बसला होता. कापसाच्या तेजीत शेअरबाजार वेडा झाला, १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे दिवाळ्यात निघाली. पण नोटा काढायचा तिचा हक्क सरकारने १८६१च्या कायद्याने आधीच काढून घेतला होता. बुडाले ते भागधारक, लोकांच्या हातातल्या नोटा शाबूत राहिल्या.

१९३५च्या 'बंदी'त फसवणूक कुठेच नाही. ज्या रोख्यांवर नोटा काढता येत तेच रोखे सरकारने त्या वर्षी फेडून टाकले. १९३४ मध्ये सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ वरून ३५ डॉलर केल्यावर जो नफा सरकारच्या पदरात पडला, त्यातून हे जमलं. तारणच उरलं नाही, तर नोटा कशावर काढणार? शिवाय १९१४पासून फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, नोटा बाजारात होत्याच.

लखपती व्हायचं म्हणाल तर माझी नोट अजून अमेरिकेत दहा डॉलरला चालते, कायद्याने. छंदिष्टांच्या बाजारात जास्त मिळतील, पण किती ते कुठल्या बँकेच्या किती नोटा शिल्लक आहेत त्यावर ठरतं. पुतण्याने या नोटेसाठी मोजलेल्या पैशांत मिरजेला सहकुटुंब जेवण झालं असतं, फ्लॅट नाही.

राहिलं मिनेसोटातलं नॉर्थफील्ड. इथे मजकूर स्वतःच्याच पायात पाय घालून पडतो. नोटा गावाबाहेर चालत नसतील तर शेकडो मैलांवरून मिझुरीचे दरोडेखोर त्यांच्यासाठी घोडे दामटत कशाला येतील?

७ सप्टेंबर १८७६ला जेसी जेम्स आणि यंगर बंधूंच्या दरोडेखोर टोळीचे आठ जण गावात आले. त्यातले तिघे फर्स्ट नॅशनल बँकेत शिरले. नेहमीचा कॅशियर फिलाडेल्फियाचं प्रदर्शन बघायला गेला होता आणि त्याच्या खुर्चीवर हिशेबनीस जोसेफ ली हेवूड होता. तिजोरी उघड म्हटल्यावर त्याने सांगितलं, वेळेचं कुलूप आहे, आत्ता उघडणार नाही. त्याला मारहाण झाली, गळ्यावर सुरी फिरवली, तो बधला नाही. बाहेर गावकऱ्यांनी दुकानांतल्या बंदुका उचलल्या होत्या. सात मिनिटांत खेळ आटोपला. टोळीचे दोघे रस्त्यावर पडले, निकोलस गुस्ताफसन नावाचा स्वीडिश माणूस गोळी लागून गेला, आणि निघता निघता दरोडेखोरांनी हेवूडला डोक्यात गोळी घातली. यंगर बंधू दोन आठवड्यांनी पकडले गेले.

हाती लागले २६ डॉलर ७० सेंट. काउंटरखालच्या ज्या खणात नोटा होत्या तो त्यांच्या ध्यानातच आला नाही. तिजोरीचं दार नुसतं लोटलेलं होतं, कुलूप लावलेलंच नव्हतं. तिघांपैकी एकानेही मूठ फिरवून पाहिली नाही.