22 हजारांत अर्ध्या अंतरात थांबणारी गाडी

भाच्याने परवा घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘मामा, बुक करू का?’ तोच मजकूर त्याआधी मला गल्लीतल्या दोघा-तिघांकडून आला होता, तेव्हा हसून सोडून दिला होता. आता घरातलाच पोरगा पैसे भरायला निघालाय म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

फॉरवर्ड थोडक्यात असा: ‘कंपन्या ब्रेकमध्ये पैसे वाचवतात. 330 मिमीची डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर बसवा, ताशी 100 वरून गाडी 50 मीटरऐवजी 25 मीटरमध्ये थांबेल. चाकं बदलायची गरज नाही, कंपनीच्या 15 इंची चाकात आरामात बसतं. घासलंच तर स्पेसर टाका नाहीतर ग्राइंडर मारा. फक्त पुढे बसवलं तरी पुरतं, एबीएस आपोआप जुळवून घेतं. घाटात ब्रेक कधीच फेल होणार नाही. लुक तर विचारूच नका. फिटिंगसह 22 हजार.’ शेवटी नेहमीचं, ‘शेअर करा, कुणाचा तरी जीव वाचेल.’ डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची थाळी, आणि कॅलिपर म्हणजे पिस्टनच्या जोरावर पॅड त्या थाळीवर दाबणारा चिमटा.

स्पेअर पार्टच्या धंद्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. ब्रेक पॅड विकून मलाही चार पैसे मिळतात, हेही आधीच सांगून टाकतो.

अर्ध्या अंतराचं आधी बघू. ताशी 100 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. तिथून 25 मीटरमध्ये उभं राहायचं तर गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून जास्त मंदन लागतं. रोजच्या वापरातला चांगला टायर कोरड्या डांबरावर त्याच्या निम्म्याच्या आसपास पकड देतो, फारच चांगला असला तर थोडी जास्त. दीडपट मिळते ती रेसच्या गाड्यांना. त्यांचे टायर वेगळे, आणि वर गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख. आपल्या हॅचबॅकला पंख नाहीत. ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला पकडीचा तळहाताएवढा तुकडा. तुमचा आत्ताचा ब्रेक जोरात दाबल्यावर पायाखाली पेडल थरथरतं ना? ते एबीएस, म्हणजे चाक लॉक (जाम) होऊ न देणारी यंत्रणा. ते चालू झालं याचा अर्थ ब्रेकमध्ये ताकद शिल्लक होती, टायरची पकड संपली. आता डिस्क बैलगाडीच्या चाकाएवढी लावा, अंतर तेवढंच राहणार.

हे सगळं सोडा, माणसाचा पाय पेडलवर जायलाच सेकंदभर जातो. सोलापूर-पुणे रस्त्यावर रात्री मोहोळच्या पुढे, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची दोन-दोन ट्रॉल्यांची गाडी अचानक दिसते, तेव्हा पहिले 28 मीटर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असतात. त्यावर 22 हजारांचं कुठलंच किट निघालेलं नाही.

‘कंपन्या ब्रेकमध्ये पैसे वाचवतात’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. प्रवासी कारच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा 13-एच नावाचा नियम आहे. अनेक देश तो पाळतात आणि आपल्याकडच्या चाचण्याही त्याच धर्तीवर होतात. त्यात ताशी 100 वरून गाडी जास्तीत जास्त 70 मीटरमध्ये थांबली पाहिजे. तेही पेडलवर 500 न्यूटनच्या आतल्या जोरात, म्हणजे साधारण 50 किलोच्या दाबात. एवढ्यावर संपत नाही. गाडीच्या कमाल वेगाच्या 80 टक्क्यांवरून (पण ताशी 120 च्या आत) निम्म्या वेगावर आणायचं, परत वेग पकडायचा, परत दाबायचा, असं दर 45 सेकंदांनी 15 वेळा. आणि त्या तापलेल्या ब्रेकने लगेच नियमाच्या किमान 75 टक्के आणि स्वतःच्या थंड कामगिरीच्या किमान 60 टक्के तरी देऊन दाखवायचं. कुठलं चाक आधी लॉक व्हावं यावरही त्या नियमात अटी आहेत, कारण मागचं चाक आधी लॉक झालं की गाडी गरकन फिरते. होटगी रोडवर टपरीसमोर चार वेळा ब्रेक मारून व्हिडिओ काढणं आणि हे, यात काही फरक आहे की नाही बे?

आता मुख्य दुखणं. कंपनीच्या चाकात आरामात बसतं म्हणे.

साधं गणित आहे, पाचवीतल्या पोरालाही जमेल. 330 ची डिस्क म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत 165 मिमी. कॅलिपर डिस्कच्या कडेवरून पुलासारखा पलीकडे जातो. कडेपासूनची फट आणि त्या पुलाची जाडी मिळून किमान 20 मिमी धरा. झाले 185. आता 15 इंच म्हणजे 381 मिमी, त्याचे निम्मे 190.5. उरले साडेपाच मिलीमीटर. पण 15 इंच हे माप टायरची कड जिथे बसते तिथलं असतं, त्याच्या आत चाकाचा धातू आहे, आणि मधला खोलगट भाग तर आणखी आत येतो. म्हणजे साडेपाचातून धातूची जाडी वजा केल्यावर हातात काय राहतं ते तुम्हीच सांगा.

चांगल्या किटच्या कंपन्या म्हणूनच पैसे घेण्याआधी कॅलिपरच्या आकाराचा कागदी साचा देतात. तो छापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा, चाक काढून उताणं ठेवायचं, चाक जिथे हबवर (मधल्या फिरत्या भागावर) बसतं त्या तोंडाला साचा टेकवून आतून एक पूर्ण फेरा मारायचा. भाच्याने तेवढं तरी केलं. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणली, कापली, आणि मोठ्या आनंदात म्हणाला, ‘मामा, बसतंय की!’ मी साच्यावर छापलेल्या मोजपट्टीला स्टीलची पट्टी लावली. 100 मिमीच्या जागी 97. दुकानदाराने पानात मावावं म्हणून छोटं करून छापलेलं. तीन टक्के म्हणजे 190 मिमीवर जवळजवळ सहा मिमी, आपली सगळी जागा तिथेच खोटी निघाली. बरोबर मापात छापून आणल्यावर साचा आत गेलाच नाही. आणि पुठ्ठा गेला असता तरी पुरलं नसतं. व्हील बॅलन्सिंगवाला आतून जी वजनाची पट्टी चिकटवतो, तीसुद्धा मोकळ्या जागेतून तीन-चार मिमी खाते. पावसाळ्यात विजापूर रोडला गाडी मातीत उतरली की आपली काळी माती रिमच्या आत थापून बसते, वाळल्यावर दगडासारखी. सगळीकडून निदान तीन मिमी मोकळे पाहिजेत, ते याचसाठी.

मग स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये टाकायची चकती? कॅलिपर दोन ठिकाणी अडतो: पुढे आऱ्यांना किंवा वर रिमच्या गोलाईला. स्पेसर चाक बाहेर सरकवतो, म्हणून आऱ्यांपासून थोडी सुटका होते. गोलाई तेवढीच राहते. वर अडणाऱ्या कॅलिपरला स्पेसरचा सल्ला देणाऱ्याने एकदाही चाक खोलून पाहिलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. आणि त्याची किंमत? चाकाचा नट ज्या 12 मिमीच्या स्टडवर बसतो, त्यावर तो निदान 12 मिमी तरी चढलेला हवा, दोन आट्यांत 1.5 मिमी अंतर धरलं तर आठ आटे. मूळ स्टड तसाच ठेवून 5 मिमीचा स्पेसर टाकला की तीनहून जास्त आटे गेले. हबचा जो उंचवटा चाकाला मधोमध धरतो तोही स्पेसरच्या आत बुडतो, मग सगळा भार नटांवर. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

ग्राइंडरबद्दल तर काय बोलावं. ब्रेक दाबला की पिस्टन कॅलिपरच्या दोन बाजूंना एकमेकांपासून फाकवायला बघतात आणि तो पूल त्यांना धरून ठेवतो. लोक नेमका तोच घासतात, कारण तोच अडतो. पातळ झालेला पूल आधी वाकतो, पेडल स्पंजासारखं लागतं, आणि एक दिवस तडा जातो. कॅलिपरऐवजी रिम आतून घासली तर खड्ड्यात आपटल्यावर ती फुटायची. जीव वाचवणारा फॉरवर्ड म्हणे.

अजून एक गोष्ट त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही: स्टेपनी. बऱ्याच गाड्यांत ती लोखंडी रिमची आणि एखादा इंच लहान असते. समजा घासूनपुसून अलॉयचं चाक बसलं. टेंभुर्णीजवळ रात्री पुढचं टायर पंक्चर झालं, तर स्टेपनी त्या कॅलिपरवर चढणारच नाही. मग टोइंगवाल्याला फोन करा.

फक्त पुढे बसवलं तर पुरतं का? पुढचा जोर वाढला की पुढची चाकं लवकर लॉक होतात आणि मागचे ब्रेक आपला वाटा पूर्ण उचलायच्या आधीच खेळ संपतो. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. 1 एप्रिल 2019 नंतरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण त्याची आकडेमोड मूळ डिस्क आणि मूळ पिस्टनवर बेतलेली असते. मोठ्या पिस्टनला तेलही जास्त लागतं, पेडलच्या जोराने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर मात्र जुनाच, म्हणून पेडल खोल जातं. विम्याचं एका ओळीत: बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करू शकते.

घाटाचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही, नाइलाजाने मान्य. जाड तवा उशिरा तापतो, तशी मोठी डिस्क जास्त उष्णता पोटात घेते. भरलेली गाडी आंबा घाटातून सतत ब्रेकवर उतरवणाऱ्याला, किंवा ट्रॅकवर पळवणाऱ्याला, नीट जुळवलेल्या आणि योग्य चाकांसह घेतलेल्या किटचा खरा फायदा होतो. पण ते किट 22 हजारांत येत नाही, आणि भाच्याचा रोजचा रस्ता आसरा चौक ते चिंचोळी एमआयडीसी. वर्षातून दोनदा तुळजापूरचा घाट. बाराशे किलोची गाडी 100 वरून एकदा थांबवली तर पुढच्या डिस्क ढोबळमानाने 70 अंशांनी तापतात, तेवढ्याने मूळ ब्रेकला घामही येत नाही. घाटात बहुतेक वेळा दगा देतं ते जुनं ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान 205 अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर 140 पर्यंत उतरतं. डॉट 4 चे तेच आकडे 230 आणि 155. दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवा, पॅड चांगले घ्या.

आणि टायरच्या बाजूवर DOT या इंग्रजी अक्षरांनंतर शेवटी चार अंक असतात ते वाचा. 2318 असेल तर टायर 2018 च्या 23 व्या आठवड्यातला. भाच्याचे तेच निघाले. नक्षी भरपूर शिल्लक, पण सोलापूरच्या इतक्या उन्हाळ्यांत रबर लाकडासारखं झालेलं. 22 हजार खर्चायचेच असतील तर ते टायर आणि ऑइलवर खर्च.

राहिला लुक. लाल कॅलिपर हवा असेल तर उष्णता सोसणारा रंग डब्यात मिळतो. कॅलिपर ब्रशने घासून स्वच्छ करायचा, डिस्क आणि पॅड कागदाने नीट झाकायचे, रबरी बूट आणि तेलाच्या निपलवर रंग उडू द्यायचा नाही. वरून अडकवायची प्लॅस्टिकची लाल झाकणं मात्र आणू नकोस, ती गरमी कोंडतात आणि सुटली तर चाकात अडकतात. रविवारी गाडी घेऊन ये, जॅक माझ्याकडे आहे.