आयुष्मान कार्डावर मॅमोग्राफी फुकट? जरा थांबा

आमच्या भिशीच्या ग्रुपवर हा मेसेज आता चौथ्यांदा आलाय, त्यामुळे एकदाचं लिहूनच टाकते. मेसेज थोडक्यात असा: आयुष्मान कार्ड असेल तर बाईला कुठल्याही हॉस्पिटलात मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाची) फुकट, कार्ड नसेल तर आधी कार्ड काढा मगच तपासणी होते, गावच्या सिस्टरकडून तपासून वेळ घालवू नका, स्वतःची पॉलिसी असेल तर तपासणीचे ५ हजार सरकार परत देतं, आणि शेवटी नेहमीचं, दहा बहिणींना पाठवा. पाठवणारीचा हेतू चांगलाच असणार, पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

पहिलं वाक्य बघा. माझी मावशी हेच वाचून कार्ड पर्समध्ये घालून तालुक्याच्या एका खासगी हॉस्पिटलात गेली, काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाली काकू हे ॲडमिट झाल्यावर, मॅमोग्राफीचे पैसे भरावे लागतील. मावशी "बरं, मग नंतर बघू" म्हणून एसटीने परत. मला राग आला पण ती मुलगी बरोबर बोलली होती. २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झालेली ही आयुष्मान योजना वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत खर्च उचलते, पण तो दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचा, म्हणजे ऑपरेशन, केमो, रेडिएशन वगैरे, आणि तोही योजनेत असलेल्या हॉस्पिटलातच. ओपीडी त्यात नाही. दाखल व्हायच्या आधीच्या तीन दिवसांतल्या तपासण्या धरतात, पण काही होत नसताना सहज जाऊन करून घेतलेली मॅमोग्राफी त्यात कुठून बसणार? आपली महात्मा फुले योजनाही उपचारांचीच आहे. विमा आजार झाल्यावर पैसे देतो, स्क्रीनिंग म्हणजे आजार दिसायच्या आधी शोधणं, या दोन वेगळ्या खिडक्या आहेत आणि मेसेजने त्या एकच करून टाकल्यात.

दुसरं तर याहून वाईट, कारण त्याने बायका घरीच बसतात. तपासणीसाठी कार्ड लागतच नाही! तिशीच्या पुढच्या सगळ्यांसाठी तोंडाच्या, आणि बायकांसाठी स्तनाच्या न् गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट आहे, बीपी-शुगरबरोबरच, उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात. आशाताई टेप घेऊन कंबर मोजायला येते ना, तोच फॉर्म, त्यात गाठ आहे का, पाळी नसताना किंवा पाळी गेल्यावर रक्त जातं का असले प्रश्न असतात आणि आपण सासूसमोर सगळ्याला "नाही" म्हणून मोकळ्या होतो. आता हे सगळ्या केंद्रांवर रोज चालतं असं अजिबात नाही, आधी फोन करून वार विचारून जा. पण फुकट असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के, स्तनाची ०.९. मग नुसत्या पैशावर सगळं ढकलून कसं चालेल? बुडालेला रोज, पडदा नसलेली खोली आणि अंगावर काढायची सवय, हे कुठलं कार्ड भरून देणार?

सिस्टरकडून तपासून काय उपयोग, हे वाचून मात्र मला खरंच चीड आली, कारण याचं उत्तर जगाला महाराष्ट्रानेच दिलंय. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला धरून सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. नमुने घेणाऱ्या सिस्टरच. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही टेस्ट (या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची) केली तिथे, तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने, आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. खरं सांगायचं तर त्याच अभ्यासात व्हिनेगरसारखं औषध लावून पांढरा डाग बघायच्या तपासणीने, म्हणजे व्हीआयएने, मृत्यूंत तसा ठोस फरक दिसला नव्हता, पण तिथे ती एकदाच केलेली. मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर काम केलं, डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या बायकांकडून दर दोन वर्षांनी तीच व्हीआयए करून घेतली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिथेच हाताने स्तन तपासून पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले, पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तेवढा फायदा दिसला नाही. म्हणजे मशीनच पाहिजे असं नाही, पण एकदा दाखवून आलं की झालं असंही नाही.

५ हजारांचं पटकन सांगते. ते परत मिळत नाहीत. इन्कम टॅक्सच्या ८०डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत तपासणीचे ५ हजारांपर्यंत उत्पन्नातून वजा होतात, तेही विम्याच्या हप्त्यासकट २५ हजारांच्या आत (ज्येष्ठांना ५० हजार) आणि फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर हातात वाचतात हजार-एक रुपये. पॉलिसीत वर्षाची मोफत तपासणी लिहिलेली असेल तर त्यात नेमक्या कुठल्या टेस्ट आहेत ते वाचा, बऱ्याचदा शुगर, ईसीजी असतं आणि बाईचं काहीच नसतं.

मेसेजखाली एकीने लिहिलं, पिशवीच काढून टाकली की भीतीच नको. ताई, बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ चं प्रकरण आठवा, कॅन्सरची भीती घालूनच कित्येकींच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या.

मावशीला शेवटी मी गावच्या उपकेंद्रात नेलं. सिस्टरने औषधाचा बोळा लावला, मिनिटभर थांबली, टॉर्च मारून बघितलं, पांढरा डाग नाही म्हणाली, संपलं. येताना मावशीची तक्रार एकच, कंबर उगाच सगळ्यांसमोर मोजली. डाग दिसला असता तरी तो लगेच कॅन्सर नसतो, पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवतात, आणि तिथे दाखल व्हायची वेळ आलीच तर योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र कुठे बसतो विचारायचं आणि ते कार्ड तेव्हा पर्समधून काढायचं.